पहाऱ्यातील बालपण

बदलापूर येथील एका शाळेत चार वर्षांच्या दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आले. २० ऑगस्ट रोजी संतप्त जमावाने तेथील रेल्वे वाहतूक कित्येक तास रोखून धरली आणि पाठोपाठ राज्याच्या शालेय शिक्षण विभागाचा शासननिर्णय प्रसृत झाला. शाळांनी महिनाभरात सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावे, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी करून घ्यावी, तक्रारपेटी लावावी, सखी-सावित्री समित्या कार्यान्वित कराव्यात, असे त्याचे स्वरूप होते. यांपैकी तक्रारपेटी आणि समित्या यांविषयीचे आदेश पूर्वीच निघालेले होते. ते पाळले गेले नव्हते, एवढेच नव्याने कळले. बैल गेल्यावर झोपा करण्याची ही रीत सरकारी कारभारात नवीन नाही आणि त्यातील एकेक तरतूद सुटी घेतली तर तिला नाव ठेवण्यासारखेही काही नाही. प्रश्न निराळा आहे. ज्या शाळेमुळे हा आदेश निघाला, त्या शाळेतील पंधरा दिवसांचे चित्रण गायब असल्याचे तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले होते. गुन्ह्याला वाचा फुटली ती कॅमेऱ्यामुळे नव्हे. मुली घरी बोलल्या आणि घरच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला म्हणून. त्यानंतर मात्र मोठ्या माणसांची सारी साखळी अडखळली. तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली तेव्हा पोलिसांच्या दिरंगाईबरोबर शाळेच्या मौनावरही ताशेरे ओढले, ते योग्यच झाले.

म्हणजे या सर्व प्रकरणात आपले काम चोख बजावले ते चार वर्षांच्या दोन मुलींनी. असे असता उपाययोजनेचा सारा भर मुलांभोवती पहारा वाढवण्यावर पडावा आणि मुलांना जे येते ते अधिक चांगले यावे, याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, हे विचार करण्याजोगे आहे. त्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. कॅमेऱ्याची निविदा काढता येते, तो किती शाळांत बसला याचा तक्ता विधिमंडळात ठेवता येतो, न बसवणाऱ्याला नोटीस बजावता येते. एखाद्या मुलीला ‘नको’ म्हणता येते की नाही, याचा तक्ता करता येत नाही. तक्रारपेटीचे तर हसू येण्याऐवजी वाईटच वाटावे. जिला अजून आपले नावही लिहिता येत नाही, अशा बालवर्गातील मुलीने त्या पेटीत काय टाकावे, याचा खुलासा शासननिर्णयात सापडत नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा ‘पॉक्सो’ कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. २०१९ मध्ये त्यातील शिक्षा अधिक कडक झाल्या आणि त्यात देहान्ताची तरतूद आली, तेव्हा तिची मोठी चर्चा झाली. २०२० मध्ये या कायद्याचे नवे नियम आले. त्यांत मुलांना त्यांच्या वयाला झेपेल अशा रीतीने स्वतःच्या सुरक्षिततेचे शिक्षण द्यावे आणि त्यासाठी अभ्यासक्रम तयार करावा, अशी स्पष्ट तरतूद आहे. तिची चर्चा कोणी केली नाही. फाशीची तरतूद वर्तमानपत्राच्या मथळ्यात शोभून दिसते. तिसरीच्या वर्गातील अर्ध्या तासाचा पाठ तेथे शोभत नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत तर हा विरोध एका सालातच पाहावयास मिळतो. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे त्यांतील ५३ टक्के मुलांनी सांगितले होते. अशा मुलांमध्ये मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित अधिकच होती, ही गोष्ट अद्यापही अनेकांच्या पचनी पडलेली नाही. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मी माणसे मुलांच्या ओळखीची आणि विश्वासातली होती, आणि बहुतेक मुलांनी याविषयी कोणाकडे अवाक्षरही काढलेले नव्हते. याच २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात किशोरवयीनांसाठीच्या लैंगिक शिक्षणाच्या पुस्तिकेतील चित्रांवरून गदारोळ उडाला आणि राज्याने तो कार्यक्रमच थांबवला. एकीकडे मुले बोलत नाहीत असा अहवाल, दुसरीकडे मुलांशी बोलू नये असा निर्णय! रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ज्या प्रांतात १९२७ पासून पंचवीसहून अधिक वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि त्यापायी खटले सोसले, त्या प्रांताने ऐंशी वर्षांनंतर असे मागे वळावे, यावर अधिक भाष्य नको.

ओळखीच्या माणसांविषयीचा तो निष्कर्ष नीट लक्षात घेतला तर पहाऱ्याची मर्यादा आपोआप कळते. मराठी घरात मुलाला सुरक्षिततेचा जो एकमेव धडा दिला जातो तो ‘अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घेऊ नये’ हा. फाटकावरचा रखवालदार, अभ्यागतांची नोंदवही, ओळखपत्र यांचा रोखही परक्यावरच असतो. पण ज्याला फाटकावर कोणी अडवत नाही, ज्याला घरात चहा विचारला जातो, ज्याच्याकडे मूल विश्वासाने सोपवले जाते, त्याच्यापुढे ही सारी व्यवस्था हात जोडून उभी राहते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाची वर्षानुवर्षांची आकडेवारीही हेच सांगते. पॉक्सोखाली नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी पीडित बालकाच्या परिचयाचे असतात.

अशा परिचिताला मुलाने ‘नको’ म्हणावे, ही अपेक्षा आपल्या कौटुंबिक शिकवणीच्या नेमकी विरुद्ध जाते, आणि खरी अडचण येथे आहे. ‘मोठ्यांचे ऐकावे’, ‘उलट बोलू नये’, ‘पाहुण्यांसमोर हट्ट करू नये’ ही आपल्या संस्कारांची त्रिसूत्री. घरी आलेल्या काकांच्या मांडीवर बसण्यास मूल तयार नसेल, आजीच्या मैत्रिणीला पापा देण्यास ते अंग चोरत असेल, तर त्याला हसून, चिडवून, प्रसंगी दटावून तसे करावयास लावले जाते. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. मात्र आपल्या शरीराविषयी आपली नापसंती मोठ्यांच्या लेखी नगण्य आहे, हा धडा मूल त्यातून शिकते आणि चांगला पाठ करते. शाळेतही आज्ञाधारकपणा हा प्रगतिपुस्तकात गुण म्हणून नोंदला जातो. सहा तास हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवून बसलेल्या मुलाने सातव्या तासाला धीटपणे तक्रार करावी, असे म्हणण्यात काही अर्थ आहे काय?

दुसरी अडचण शब्दांची. मराठी घरांत शरीराच्या काही अवयवांना मुलांपुढे नावच नसते. असली तर घरोघरची वेगळी, बोबडी, केवळ त्या घरात कळणारी. एरवी हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु मुलाला शिक्षिकेला, डॉक्टरला किंवा पोलिसाला काही सांगावयाचे असते, त्या वेळी हीच उणीव घात करते. कायद्याने या बाबतीत पुष्कळ सौजन्य दाखवले आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या वाटेल अशा जागी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा, आरोपी मुलाच्या समोर येऊ नये, अशा तरतुदी त्यात आहेत. एवढी तजवीज करून शेवटी मुलाकडे सांगण्यास शब्दच नसला, तर तो दोष कायद्याचा म्हणता येणार नाही.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही रूढ झालेली भाषाही आता सोडण्यास सुरुवात केली आहे, हे बहुतेक शाळांच्या गावीही नाही. ‘वाईट’ हा शब्द लहान मुलाच्या मनात स्वतःच्या अपराधाशी जोडला जातो. वाईट काही घडले म्हणजे आपणच वाईट, असे त्याला वाटते. शिवाय लाडीगोडी लावून, खेळाच्या मिषाने केलेला स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असे नाही. म्हणून ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ असे शब्द योजले जातात आणि स्पर्श कसा वाटला याऐवजी नियम कोणता मोडला, यावर भर दिला जातो. आपल्या शरीराचे खासगी भाग स्वच्छतेच्या वा औषधोपचाराच्या कारणाखेरीज कोणी पाहू वा हाताळू नयेत, आणि स्पर्शाविषयी कोणतेही गुपित ठेवावयाचे नाही, इतका साधा नियम पाच वर्षांच्या मुलाला समजतो.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. मुलांना शिकवणे म्हणजे रक्षणाचा भार त्यांच्या खांद्यावर टाकणे नव्हे. चार वर्षांची मुलगी धट्ट्याकट्ट्या पुरुषाला थोपवू शकत नाही, आणि ‘शिकवले होते तरी ओरडली का नाहीस’ असे तिला विचारणे हा तिच्यावर दुसरा अत्याचार ठरेल. ती सांगू शकते, इतकेच तिचे काम. पुढचे काम ऐकणाऱ्याचे. अपराधाची माहिती असूनही ती न कळवणाऱ्याला पॉक्सोत सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. शाळेच्या नावलौकिकाची काळजी वाहणाऱ्या किती संस्थाचालकांना ही कलमे ठाऊक आहेत, याची चाचणी घेतली तर निकाल उत्साहवर्धक येईल असे वाटत नाही. संकटातील मुलाने स्वतः फोन करावा यासाठी १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला. ‘दस-नौ-आठ’ असा उलटा मोजत गेले की तो रस्त्यावरच्या निरक्षर मुलाच्याही ध्यानात राहतो. २०२३ मध्ये स्वयंसेवी संस्थांकडील ही सेवा सरकारी यंत्रणेकडे वळवून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली. यंत्रणा कोणाचीही असो, हा क्रमांक मुलांना पाढ्यांबरोबर पाठ करून घेण्यास काय हरकत आहे?

पहारा आणि सुरक्षितता यांची ही गल्लत अत्याचाराच्या प्रश्नापुरती मर्यादित नाही. रस्त्याच्या बाबतीत ती आकड्यांनिशी सिद्ध झालेली आहे. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक पाहणी केली. १९७१ साली तेथील सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्या माणसाच्या सोबतीवाचून शाळेत जात. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर घसरले होते. याच काळात रस्त्यावर मृत्युमुखी पडणाऱ्या मुलांची संख्याही बरीच घटली होती आणि रस्ते अधिक सुरक्षित झाले म्हणून सरकार स्वतःची पाठ थोपटून घेत होते. हिलमन यांनी दाखवून दिले की, वाहने तर उलट वाढली आहेत. रस्ते सुरक्षित झाले नसून मुले रस्त्यांवरून हटवली गेली आहेत. मुंबई-पुण्यात आज वेगळे काय घडत आहे? ज्याला परवडते तो मुलाला शाळेच्या बसमध्ये वा स्वतःच्या मोटारीत घालतो. त्या मोटारींनी शाळेपुढचा रस्ता अधिक धोक्याचा होतो. मग चालत जाणारी उरलीसुरली मुलेही वाहनात बसू लागतात. महापालिकेच्या शाळेत चालत जाणाऱ्या मुलाला हा पर्याय नसतो. त्याने पदपथ नसलेल्या, असला तर फेरीवाल्यांनी आणि उभ्या दुचाकींनी व्यापलेल्या रस्त्याने जावयाचे. एकाचा पहारा दुसऱ्याचा धोका वाढवतो तो असा.

मुलींच्या बाबतीत तर सुरक्षितता हा शब्दच अनेकदा बेडीसारखा वापरला जातो. गावातली शाळा सातवीला संपते, पुढची शाळा पाच-सात किलोमीटरवर असते, वाटेत ओढा, उसाचे फड, निर्जन रस्ता. ‘दिवस वाईट आहेत’ असे म्हणत तिचे नाव काढले जाते आणि लवकरच उजवून टाकले की जबाबदारी संपली, असा विचार सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले आढळले. पुरोगामित्वाचा दाखला उठताबसता देणाऱ्या राज्याला हा आकडा भूषणावह नाही. ज्या वयात या मुलींना घराबाहेर एकटे पाठवण्याची भीती वाटत होती, त्या वयात त्यांना परक्या घरी कायमचे पाठवताना ती भीती कोठे जाते, हे त्यांच्या वडीलधाऱ्यांनाच विचारावयास हवे.

बिहारने या भीतीवर काढलेला तोडगा साधा होता. २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची पटसंख्या ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना आढळले. शाळेपासून दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक ठळक होता. सायकलने रस्ता अधिक सुरक्षित केला नाही. रस्त्यावर एकटी मुलगी दिसण्याऐवजी मुलींचा थवा दिसू लागला, आणि थव्याला त्रास देणे कठीण असते. महाराष्ट्रात हेच काम एसटीने अनेक वर्षे केले आहे. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने मुलींना मिळणारा मोफत पास आणि शाळेच्या वेळेला गावात येणारी लाल बस यांनी जेवढ्या मुली दहावी-बारावीपर्यंत नेल्या, तेवढ्या एखाद्या भाषणाने नेल्या नसतील. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कामगारांचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा महासाथीनंतर नुकत्याच उघडलेल्या शाळा गाठणे खेड्यातील मुलींना दुरापास्त झाले. पण त्या वेळी चर्चा चालली होती ती विलीनीकरणाची.

राहता राहिले पाणी. मे महिना उजाडला की विहिरीत, नदीच्या डोहात, खाणीत साचलेल्या पाण्यात मुले बुडाल्याच्या बातम्या सुरू होतात आणि पाऊस स्थिरावेपर्यंत थांबत नाहीत. पूर्वी गावोगाव पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून, कमरेला दोर लावून मुलांना विहिरीत सोडण्याची चाल होती. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील आईने पोहण्याच्या भीतीने दडून बसलेल्या श्यामला शिंपटीचा प्रसाद देऊन घराबाहेर काढले, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. (शिंपटीचे समर्थन आज कोणी करणार नाही, करूही नये, तिची पोरावरची माया तिने त्याला विहिरीपासून दूर ठेवून दाखवली नाही, एवढे मात्र ध्यानात घ्यावे.) आता विहिरी आटल्या, बोअर आल्या, दोर धरून काठावर बसणारे मामा-काका शहरांत गेले आणि पोहण्याचे शिक्षण तरण तलावाची फी भरू शकणाऱ्यांपुरते उरले. त्याच वेळी खेड्यात पाण्याचा एक नवा धोका आला. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेखाली हजारो शेततळी खोदली गेली. दुष्काळी भागाला त्यांचा उपयोग झाला, हे निर्विवाद. परंतु पाणी झिरपू नये म्हणून अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदामुळे त्यांचे उतार इतके निसरडे होतात की, एकदा पाय घसरला म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. एका मुलाला वाचवण्यास उतरलेले दुसरे, मग त्यांना वाचवण्यास उतरलेली आई, अशा बातम्या म्हणूनच येतात. गाठी मारलेला एक दोर खुंटीला बांधून उतारावर सोडलेला असणे आणि हवा भरलेली एक ट्यूब काठावर असणे, याला लागणारा खर्च शेततळ्याच्या अनुदानापुढे काहीच नाही.

शालेय वयाच्या मुलांना पोहण्याचे, पाण्यातील सावधगिरीचे आणि स्वतः पाण्यात न उतरता दुसऱ्याला वाचवण्याचे प्राथमिक शिक्षण द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचे मंच उभारून मुलांना पंचवीस मीटर पोहणे आणि अर्धा मिनिट तरंगणे शिकवले जाते. गुडघाभर चिखल तुडवत शाळेत जाणाऱ्या त्या मुलांच्या देशाला हे जमले, तर जिल्ह्याजिल्ह्यांत क्रीडासंकुले उभारणाऱ्या राज्याला का जमू नये?

हे सारे शिकवणार कोण, हा आक्षेप शिक्षक घेतील आणि तो गैरवाजवी नाही. शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण एवढीच शाळाबाह्य कामे शिक्षकांना सांगता येतात. व्यवहारात त्यांच्याकडे माहिती भरण्याची आणि छायाचित्रे धाडण्याची इतर कामे किती असतात, हे कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्यास दिसेल. शिवाय मुलाच्या तक्रारीपुढे शांत कसे राहावे, उलटतपासणीसारखे प्रश्न का विचारू नयेत, ऐकलेले कोणाला आणि किती वेळात कळवावे, याचे प्रशिक्षण शिक्षकालाच मिळालेले नसते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? मुंबईत काही स्वयंसेवी संस्था शाळाशाळांतून हे काम वर्षानुवर्षे निष्ठेने करीत आल्या आहेत. गडचिरोलीच्या आश्रमशाळेपर्यंत त्यांनी पोहोचावे, ही अपेक्षा अन्यायाची होईल. ते काम डी.एड.च्या अभ्यासक्रमाचे आणि वेळापत्रकातील राखीव तासाचे आहे. उच्च न्यायालयाने बदलापूरच्या प्रकरणात निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली शाळांतील सुरक्षिततेचा विचार करण्यास समिती नेमली, आणि त्याच सुनावणीत मुलग्यांनाही शिकवण्याची गरज न्यायमूर्तींनी बोलून दाखवली. तीही जबाबदारी याच तासाची. कॅमेऱ्यांच्या खर्चाची तजवीज करावयाची, हे आदेश निघाला त्याच आठवड्यात ठरले होते. या तासासाठी कोणत्या विषयाचा तास कमी करावयाचा, एवढा निर्णय शिक्षण विभागाने पुढच्या जूनच्या आत घेतला तरी पुष्कळ झाले.